घरी कोण असतं?

पाळणाघराची फी परवडत नसेल तर बापानं कुणाकडे जायचं, हे एका दमात सांगणारा माणूस मला भेटला नाही. सल्ले मात्र मागेल तेवढे मिळाले. कुणी म्हणालं लेक लाडकीचा फॉर्म भर, कुणी म्हणालं कंपनीला कायद्यानं पाळणाघर ठेवावंच लागतं, कुणी म्हणालं अंगणवाडीत टाक की, फुकट असते. आणि सल्ला देऊन झाला की प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला, "पण घरी कोणी नसतं का रे?"

नसतं. गेल्या पावसाळ्यात बायको वारली. आमची लेक राणू तेव्हा दोन वर्षांची होत आली होती. सासूबाई काही महिने येऊन राहिल्या, पण त्यांच्यामागे गावाकडे दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. दिवाळीनंतर त्यांना जावंच लागलं. माझी आई नाही. भाऊ-भावजय ऊसतोडीला जातात, त्यांचीच पोरं कोपीवर वाढतात. मी भोसरी एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत लागलेला मशीन ऑपरेटर. हातात साडेपंधरा हजार पडतात, ओव्हरटाइम मिळाला तर थोडे वर. दिघीला एक खोली, भाडं साडेचार हजार. दवाखान्यापायी झालेलं कर्ज अजून फिटायचंय.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका काकूंचं पाळणाघर आहे. पुढची खोली पोरांची, मागची त्यांची. दारात इवल्याशा चपलांचा ढीग, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सतरंज्यांच्या गुंडाळ्या आणि ओट्यावर ओळीनं स्टीलचे डबे. प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं लिहिलेलं नाव. मी फी विचारली. काकूंनी उलट मलाच विचारलं, "शू सांगते का?"

याचं उत्तर काय द्यावं कळेना. कधी सांगते, कधी झाल्यावर सांगते.

"मग पाचशे जास्त. सांगायला लागली की कमी करीन. एरवी साडेतीन हजार. डबा, दूध, कपड्यांचे चार जोड तुमचे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. रविवार बंद. अंगात ताप असेल तर आणायचं नाही, बाकीच्या पोरांना लागतो."

मग त्यांनी वही काढली. वहीत 'आईचा मोबाईल नंबर' असा रकाना आखलेला होता. काकूंनी 'आईचा' वर काट मारली, वर बारीक अक्षरात 'बाबा' लिहिलं आणि म्हणाल्या, "असं पहिल्यांदाच लिहितेय हो."

फीचं पुढं बघू म्हटलं, तर वेळेनं अडवलं. पहिली पाळी सातला सुरू होते, म्हणजे सव्वासहाची बस. काकू दार उघडतात आठला. दुसरी पाळी दुपारी साडेतीन ते रात्री बारा. रात्री बाराला पोर कोण सांभाळणार? मी सुपरवायझरच्या हातापाया पडून नऊ ते साडेपाचची जनरल शिफ्ट मागून घेतली. ती मिळाली, पण ओव्हरटाइम गेला. पाळणाघराची फी चार हजार असली तरी मला ते त्याहून महाग पडतं, ते असं. पुढं किती कार्यालयांत उत्पन्नाचा कागद दाखवला, पण पोरीसाठी सोडलेला ओव्हरटाइम लिहायला कुठल्याच फॉर्मवर जागा नव्हती.

कंपनीतल्या युनियनवाल्या एका दादानं कायदा सांगितला. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी. आमच्या गेटमधून रोज याच्या कितीतरी पट माणसं आत जातात. मी कधी नव्हे तो शर्ट इस्त्री करून ऑफिसात गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याकडे लेडीज किती आहेत?" पॅकिंगला पाच-सहा जणी आहेत, त्याही कंत्राटातल्या. "मग पाळणाघर कुणासाठी काढायचं? आणि तू तर आमच्या पेरोलवरच नाहीस." कंत्राटदाराला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "मी माणसं पुरवतो बाबा, पाळणे नाही."

नंतर त्या दादानंच मला नीट समजावलं. जुन्या कारखाने कायद्याचं कलम ४८ होतं १९४८ सालचं. त्यात पाळणाघर लागू व्हायचं ते ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर. पुरुष कितीही असोत, त्यांची पोरं मोजत नव्हते. २०१७ च्या दुरुस्तीत आकडा सगळ्या कर्मचाऱ्यांचा आला, पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला बघण्याची मुभा लिहिली ती आईलाच. बापानं मधल्या सुट्टीत पोरीला बघून यावं, हे कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यातच नसावं. घरी कुणीतरी असेलच, असं त्यानंही धरलेलं.

अंगणवाडी आमच्या मागच्या गल्लीत. तिथल्या ताईंनी राणूला काट्यावर उभं केलं, वजन लिहिलं आणि म्हणाल्या, "तीन वर्षं पूर्ण झाली की पाठवा. तीन ते सहाची मुलं इथं बसतात, गाणी-गोष्टी होतात, गरम आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आम्ही घरी न्यायचा आहार देतो." पाकिटं हातात घेऊन मी उभा. आहाराची अडचण नव्हतीच, अडचण होती नऊ ते साडेपाचची. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून किती पोरांचं भलं झालं असेल. पण अंगणवाडीतली पोरं दुपारी घरी जातात. घर उघडं असलं तरच या सोयीचा उपयोग.

ताई मात्र मनानं चांगल्या. त्यांनीच कपाटातून एक परिपत्रक काढून दाखवलं. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका ठिकाणी २५, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. देशभरात अशी १७ हजार केंद्रं काढायचं ठरलंय. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आई नोकरी करते की नाही, हेही आता बघत नाहीत म्हणे. मी विचारलं, "आणि आईच नसेल तर?"

"मग तर आधी घ्यायला हवं," ताई म्हणाल्या. "पण आपल्या वस्तीत अजून नाही."

त्याआधी जी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, तिची फीसुद्धा ताईंना पाठ. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला २० रुपये, १२ हजारांपर्यंत कमाई असेल तर १००, त्यावर २००. काकूंकडचे चार हजार आणि हे दोनशे. मी ते परिपत्रक परत देताना उगाचच घडी नीट करून दिली.

शेजारी एक गवंडी राहतो. नवरा-बायको दोघं एका मोठ्या साइटवर कामाला. त्यांचं पोरगं दिवसभर तिथंच 'तारा मोबाईल क्रेशेस'च्या पाळणाघरात असतं. ही संस्था पुण्यात बांधकामाच्या जागेवरच पोरं सांभाळते. या कामाची सुरुवात मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत केली होती, राजघाटाजवळच्या बांधकामावर. एका रविवारी त्यानं मला साइटवर नेऊन खोली दाखवली. बंद होती, पण खिडकीतून दिसलं. झोळ्या टांगलेल्या, खाली चटया, भिंतीवर पोरांच्या हाताचे रंगीत ठसे. त्याला म्हटलं, राणूला घेतील का? तो म्हणाला, "तू विटा उचलायला ये, मग घेतील." चेष्टेत म्हणाला, पण खरंच होतं. ते पाळणाघर त्या साइटवरच्या मजुरांचं. आणि तिथं तरी आई दहा पावलांवर विटा वाहत असते.

चहाच्या टपरीवरच्या योजना वेगळ्या. लाडकी बहीण योजनेत बाईला महिन्याला १५०० मिळतात, तेव्हा एक जण म्हणाला, "साडी नेसून जा." दुसऱ्यानं लाडक्या भावाचं सुचवलं. चौकशी केली तर ते मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं टोपणनाव निघालं. बेरोजगार पोरांना प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन देतात, आयटीआयवाल्याला ८ हजार. म्हणजे असलेली नोकरी सोडून तिथं जायचं. लेक लाडकीचं बायकोनंच करून ठेवलेलं. राणू १ एप्रिल २०२३ नंतरची, त्यामुळे बसली. त्यात पहिलीत गेल्यावर सहा हजार मिळतात. पहिलीपर्यंत काय करायचं, ते आपलं आपण बघायचं.

आणि सगळ्यात जास्त वेळा सुचवलेली योजना म्हणजे "दुसरं लग्न कर." मामा, कंपनीतले, घरमालक, सगळे एका सुरात. त्यांच्या हिशेबानं चार हजारांच्या पाळणाघरापेक्षा बायको स्वस्त पडते. येणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं तर तिनं वेगळा हिशेब मांडला असता.

बाल संगोपन योजनेचं नाव मी ऐकलं होतं, पण कंपनीतल्या क्लार्कनं गोंधळ घातला. तो म्हणाला, ती सरकारी नोकरांना असते, १८० दिवस. मग कळलं, ती बाल संगोपन रजा. राज्य सरकारी नोकरीतल्या बायकांना मिळते, आणि ज्याची बायको हयात नाही किंवा असाध्य दुखण्यानं अंथरुणाला खिळली आहे अशा पुरुषालाही. हे ऐकून मला बरं वाटलं. आपल्या नोकरांपुरतं का होईना, बायको नसली की मूल बापाकडे असतं हे सरकारनं कागदावर लिहिलंय. बाल संगोपन योजना वेगळी. आता तिच्या नावापुढं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले लागतं. आई किंवा बाप गेलेली मुलं, आईबापांचा घटस्फोट झालेली, ज्यांच्या पालकाला मोठं दुखणं आहे अशी मुलं, शून्य ते अठरा वर्षांची. महिन्याला २२५० रुपये. पूर्वी ११०० होते.

महिला व बाल विकासच्या कार्यालयात एका सरांनी मला आणखी एक योजना समजावून सांगितली, मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व. त्यात महिन्याला चार हजार. अगदी काकूंच्या फीएवढे! मी खुर्चीत सरसावून बसलो. सर म्हणाले, "थांबा." यादीत पहिलीच ओळ आईची : आई विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेली असेल तर. विधुर बापाचं नाव घेऊन ओळ नाही. मूल सांभाळायला असमर्थ पालक अशी पुढं एक ओळ आहे, तिच्यात बसवता आलं असतं. पण उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ९६ हजार, खेड्यात ७२ हजार. मी बोटांवर मोजलं, महिन्याला आठ हजार. किमान वेतनसुद्धा याच्या वर जातं. म्हणजे जो माणूस रोज कामावर जातो आणि ज्याला सरकारनंच ठरवलेला पगार मिळतो, तो या मदतीसाठी श्रीमंत. आणि कामावर जाणाऱ्याच्याच पोराला पाळणाघर लागतं.

मग बाल संगोपनचा अर्ज घेतला. त्यासोबत राणूचा जन्माचा दाखला, दोघांची आधार कार्डं, बायकोचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि घरासमोर मुलासोबत काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. यादी साधी वाटते. पण मृत्यूच्या दाखल्यावर बायकोचं नाव ऱ्हस्व 'नि'चं, आधारवर दीर्घ 'नी'चं. राणूच्या जन्माच्या दाखल्यावर तिचं माहेरचं आडनाव. तिन्ही कागदांवरची बाई एकच आहे, असं मला नोटरीसमोर शपथेवर सांगावं लागलं. जिच्यासोबत पाच वर्षं काढली ती तीच होती, असं प्रतिज्ञापत्र. नोटरीचा शिक्का पडला तेव्हा मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

फोटोचं वेगळंच झालं. घरासमोर म्हणजे चाळीच्या बोळात, तिथं एका वेळी एकच माणूस मावतो. शेजारची मुलगी मोबाईल घेऊन जिन्यावर चढली. घरमालक धावत आला, त्याला वाटलं खोलीवर हक्क सांगायचे कागद चाललेत. त्याला अर्ज दाखवला, तेव्हा कुठं बाजूला झाला. फोटोत राणूनं डोळे मिटलेत. सर म्हणाले, चालेल.

पुढं घरी चौकशीला समाजकार्यकर्त्या मॅडम आल्या. गॅस किती उंचीवर आहे, पाणी कधी येतं, पोर कुठं झोपतं, लसी झाल्या का, सगळं बघितलं. मला चहा ठेवायला सांगून तेवढ्यात शेजारणीला हळूच विचारून आल्या, दारू पितो का, पोरीला मारतो का. शेजारणीनं ते मला नंतर सांगितलं. राग आलाच. पण विचार केला, माझी चौकशी करायलाच त्या आल्या होत्या. आजवर ज्यानं त्यानं माझी कीव केली होती. राणूच्या बाजूनं मला प्रश्न विचारणारं माणूस पहिल्यांदाच घरात आलं होतं. त्यांनीही विचारलं, "दिवसा घरी कोण असतं?" मी म्हटलं, "कुलूप." त्यांनी ते तसंच लिहिलं आणि पुढं काकूंच्या पाळणाघराचा पत्ता लिहून घेतला. तिकडेही जाऊन आल्या.

मंजुरी देते बाल कल्याण समिती. एक अध्यक्ष, चार सदस्य. मला कोर्टासारखं काहीतरी असेल वाटून घाम फुटला होता. पण त्यांनी माझ्याशी थोडंच बोलून राणूला जवळ घेतलं. ती टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत होती. एका सदस्य बाईंनी तिला कोऱ्या कागदावर शिक्का मारू दिला. आदेश निघाला, त्यावर माझं नाव 'पालक' म्हणून आलं. त्यात आईचा रकाना खोडून वर बाबा लिहायची गरज पडली नव्हती.

आता हिशेब. २२५० रुपये दरमहा ठरल्या तारखेला येत नाहीत, काही महिन्यांचे मिळून खात्यात पडतात. काकूंना मात्र फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत लागते. त्यांनाही दोन मदतनीस बायकांचा पगार द्यायचा असतो. त्यामुळे ही रक्कम फीसाठी धरून चालत नाही. माझी फी पगारातूनच जाते आणि पैसे आले की दवाखान्याच्या कर्जाचा एखादा मोठा तुकडा फेडतो. तरी ती मदत खरी आहे. पूर्वी महिनाअखेरीला किराणावाल्याची वही वाढायची, ती आता वाढत नाही. राणू शू सांगायला लागली, काकूंनी शब्दाप्रमाणे पाचशे कमी केले. तीन वर्षांची झाल्यापासून सकाळी अंगणवाडीत बसते आणि दुपारी काकूंची मदतनीस तिला घेऊन येते. आहार तिथं मिळतो म्हणून डबा एकच द्यावा लागतो. सरकारी थोडं, काकूंचं थोडं, सुपरवायझरची मर्जी थोडी, असं जोडून जोडून दिवस भरतो. यातलं एक निसटलं की मला खाडा पडतो. मागच्या आठवड्यात राणूला ताप आला, खाडा पडला.

मला पैशांची मदत हवी आहे असंच मी सगळीकडे सांगत होतो, आणि ती मिळालीही. पण २२५० रुपयांनी सकाळी सहाला कुणाचं दार उघडत नाही. पुढच्या गल्लीत सकाळी सहाला उघडणारं, परवडणारं पाळणाघर असतं तर मी कुठल्याच योजनेच्या रांगेत उभा राहिलो नसतो, ओव्हरटाइम करून स्वतःच फी भरली असती. हे मी त्या कार्यालयातल्या सरांनाही म्हणालो. ते म्हणाले, लिहून द्या. लिहून दिलंय.

परवा आमच्या लाइनवरचा एक जण जेवणाच्या सुट्टीत बाजूला येऊन बसला. त्याची बायको डायलिसिसवर आहे, दोन लहान पोरं आहेत. त्यानं कुठं अर्ज केलेला नाही, कारण त्याला वाटतं हे सगळं बाई गेली तरच असतं. मी त्याला सांगितलं, पालकाचं मोठं दुखणं असेल तरी बाल संगोपनमध्ये बसतं. आधी उत्पन्नाचा दाखला काढायला टाक, त्याला वेळ लागतो. मग सगळ्या कागदांवरची नावं एकाखाली एक ठेवून अक्षर अन् अक्षर जुळव, वेलांटीसकट. अंगणवाडीच्या ताईंना भेट, त्यांना माहीत असतं. आणि गेटबाहेर फॉर्म भरून देतो म्हणून पाचशे मागणारा बसतो, त्याला एक रुपया देऊ नकोस. अर्ज फुकट असतो.